ईस्ट केपला रूस्टरफिशसाठी जूनअखेर जावे की ऑक्टोबरमध्ये?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ते कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला राहतात, सिएरा नेवाडाच्या ओढ्यांत ट्राउटसाठी बऱ्याच वर्षांपासून फ्लाय फिशिंग, म्हणजे पिसे-केसांच्या कृत्रिम आमिषाने (फ्लायने) मासेमारी, करतात, आणि गेल्या फेब्रुवारीत मुलाच्या सुट्टीत मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्निया सुर राज्यात, ईस्ट केप म्हणतात त्या पूर्व किनाऱ्यावरच्या लोस बारिलेस या गावी चार दिवस राहून आले. निघण्यापूर्वी त्यांनी वाचलेल्या मासेमारीच्या साप्ताहिक वृत्तांतात ‘रूस्टरफिश रोज मिळत आहे’ असे लिहिले होते; रूस्टरफिश म्हणजे किनाऱ्यालगत शिकार करणारा मोठा समुद्री मासा. प्रत्यक्षात चारही दिवस वाऱ्यात गेले, पाणी हिरवट होते, आणि त्यांच्या फ्लायला रूस्टरफिशने एकदाही तोंड लावले नाही. आता त्यांना जूनचा शेवटचा आठवडा आणि ऑक्टोबरचा मधला आठवडा यांतून एक निवडायचा आहे. किनाऱ्यावरून गरवावे की बोट घ्यावी, नऊ नंबरचा एकच रॉड (नंबर जितका मोठा तितका रॉड दणकट) पुरेल का, आणि सोबत येणाऱ्या पत्नीला व तेरा वर्षांच्या मुलाला त्यात काही करता येईल का, हेही त्यांनी विचारले आहे.

उत्तर आधी देते आणि कारणे मागाहून: जूनचा शेवटचा आठवडा घ्या. ऑक्टोबर वाईट नाही, काही माशांसाठी तो जूनपेक्षा सरसच आहे. पण तुम्हाला पुळणीवर उभे राहून, डोळ्यांना दिसणाऱ्या रूस्टरफिशपुढे फ्लाय टाकायची आहे, आणि त्या एका कामासाठी जूनअखेरीइतके अनुकूल दिवस या किनाऱ्यावर क्वचितच मिळतात. तरीही नुसता महिना बदलल्याने तुमची अडचण पूर्ण सुटेल असे मला वाटत नाही. फेब्रुवारीत तुमचा अंदाज चुकला तो महिन्यामुळे जितका, तितकाच त्या वृत्तांतामुळे.

असे वृत्तांत खोटे नसतात. ते बहुतेक वेळा बोटी भाड्याने देणारे लोक लिहितात, आठवड्यातल्या चांगल्या दिवसांना त्यात साहजिकच जास्त जागा मिळते, आणि मासा कशावर लागला हे सांगायचे सहसा राहून जाते. हिवाळ्यात लोस बारिलेसच्या आसपास मिळणारा रूस्टरफिश बहुधा जिवंत तारलीवर लागलेला असतो; एखाद्या भूशिराच्या आडोशाने बोट अगदी हळू चालवायची आणि गळाला लावलेली तारली मागे सोडून द्यायची, अशी ती रीत आहे. तारली धडपडते, तिला वास असतो, आणि पाणी गढूळ असले तरी मासा तिला शोधून काढतो. फ्लाय म्हणजे गळाभोवती बांधलेले हरणाच्या शेपटीचे केस, पिसे आणि काही चकाकणारे तंतू. तिच्याजवळ रूप आणि चाल यांखेरीज काही नसते. म्हणून वृत्तांतात मासे किती मिळाले हे मी शेवटी वाचते. आधी पाहते ते वारा कुठून होता आणि किती वाजता वाढला, पाण्याचा रंग कोणता होता, तारली किंवा बोय वाळूपासून किती अंतरावर होती आणि आकाश निरभ्र होते की नाही, हे. एवढे जुळून आले असेल, तर ‘मासेमारी मध्यम’ असा शेरा मारलेल्या आठवड्यातही फ्लायवाल्याचे दिवस चांगले जातात, आणि यातले काहीच जुळलेले नसेल तर ‘रोज मिळत आहे’ या शब्दांचा तुम्हाला काही उपयोग नाही.

हिवाळ्यात यांपैकी बहुतेक गोष्टी एकाच कारणाने बिघडतात. कॅलिफोर्नियाचे आखात हा उत्तर-दक्षिण पसरलेला लांबट आणि अरुंद समुद्र आहे. एका बाजूला बाहा द्वीपकल्पाचे डोंगर आणि दुसऱ्या बाजूला मेक्सिकोच्या मुख्य भूमीवरच्या रांगा. अमेरिकेत नेवाडा-युटाच्या उंच, कोरड्या प्रदेशावर थंड हवेचा जास्त दाबाचा पट्टा बसला की ती हवा या बोळातून दक्षिणेकडे सुटते, आणि नोव्हेंबर ते मार्च या काळात हा उत्तरेचा वारा एकदा लागला की दिवसचे दिवस थांबत नाही. लोस बारिलेस आणि ला व्हेंताना ही गावे त्या महिन्यांत काइटबोर्डिंगसाठी प्रसिद्ध आहेत, ती याच वाऱ्यामुळे. वारा पृष्ठभागाचे ऊबदार पाणी ढवळून काढतो, खालचे थंड आणि पोषक क्षारांनी समृद्ध पाणी वर येते, त्यात सूक्ष्म वनस्पती वाढतात आणि पाणी हिरवे दिसू लागते. फेब्रुवारी-मार्चमध्ये इथल्या पाण्याचे तापमान २० ते २१ अंश सेल्सियसच्या आसपास उतरलेले असते. तारली खोल पाण्यात जाते, तिच्यामागोमाग मोठे मासेही जातात, आणि पुळणीवर उभ्या असलेल्या माणसासमोर उरतात त्या फक्त लाटा.

वसंत सरत आला की हा दाब ओसरतो. मेअखेरीपासून सकाळचा समुद्र बहुतेक दिवस आरशासारखा असतो, पाण्याचे तापमान जूनच्या उत्तरार्धात २६ अंशांच्या आसपास येते आणि ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत २९-३० वर जाते. याच सुमारास बोयचे थवे वाळूच्या अगदी काठाने फिरू लागतात. आपल्याकडे खाड्यांत दिसणारा बोय आणि हा बोय एकाच कुळातले, त्यामुळे कोकणातल्या माणसाला त्यांची ती पृष्ठभागावर तोंडे वर काढून चालण्याची सवय लगेच ओळखता येते. मोठे रूस्टरफिश या बोयच्या मागे येतात, आणि बोय काठाला असल्यामुळे तेही काठाला येतात.

हा मासा फक्त पूर्व प्रशांत महासागरात, दक्षिण कॅलिफोर्नियापासून पेरूपर्यंतच्या किनाऱ्यावर आढळतो. अंग रुपेरी, त्यावर काळसर वळणदार पट्टे, आणि पाठीवर सात लांबलचक काटे असलेला पर, जो एरवी खाचेत मिटलेला असतो आणि भक्ष्यावर झेपावताना पाण्याबाहेर उभा राहतो. स्थानिक लोक त्याला पेझ गायो किंवा पापागायो म्हणतात. गळाने पकडलेल्या रूस्टरफिशचा जागतिक विक्रम ११४ पौंडांचा, म्हणजे ५१.७ किलोंचा आहे, आणि तो मासा १ जून १९६० रोजी ला पाझजवळच लागला होता. पुळणीवरून फ्लायवर लागणारे बहुतेक मासे याच्या जवळपासही नसतात. दोन ते सात किलोंचा मासा हा चांगला मासा समजावा. पंधरा किलोंच्या पुढचे मासे जूनमध्ये डोळ्यांना दिसतात खरे, पण ते दिसणे आणि ते लागणे यांत फार अंतर आहे.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. काही वर्षी जूनमध्येही प्रशांत महासागराच्या बाजूचे थंड पाणी द्वीपकल्पाच्या टोकाला वळसा घालून आत येते आणि हंगाम दोन-तीन आठवडे उशिरा सुरू होतो. एल निनोच्या वर्षी याच्या उलट, सगळेच लवकर आणि उत्तरेकडे सरकते. एखादे वादळ दूरवरून गेले तरी त्याची लांब लाट पुळणीवर येऊन दोन दिवस वाळू ढवळत राहते. यावर उपाय एकच आहे: निघण्याच्या आठवडाभर आधीपासून उपग्रहाने मोजलेल्या पृष्ठतापमानाचे नकाशे आणि वाऱ्याचे अंदाज रोज पाहणे, आणि पाणी २४ अंशांच्या खाली असेल तर पुळणीवरचे दिवस कमी करून बोटीचे दिवस वाढवणे. २४ हा माझ्या अनुभवातला आकडा आहे, नियम नव्हे.

ऑक्टोबरची बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. तेव्हा पाणी अजून ऊबदार असते, गर्दी कमी असते, डोराडो, ट्युना आणि मार्लिन जूनहून अधिक खात्रीने मिळतात, आणि लहान रूस्टरफिशही असतात. पण पूर्व प्रशांत महासागरातला चक्रीवादळांचा हंगाम १५ मे ते ३० नोव्हेंबर असा असला, तरी या द्वीपकल्पाच्या टोकाला खरा धोका ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या पूर्वार्धापर्यंत असतो. १४ सप्टेंबर २०१४ च्या रात्री ओडिल चक्रीवादळ काबो सान लुकासजवळ किनाऱ्यावर आले, तेव्हा विमानतळासकट सगळा भाग उद्ध्वस्त झाला होता. इतके मोठे वादळ दरवर्षी येत नाही. तरी लहानशा वादळाच्या पावसानेही एरवी कोरडे पडलेले ओढे दुथडी भरतात आणि समुद्रात गढूळ पाण्याचे पट्टे सोडतात. ज्याला फक्त बोटीतून डोराडो हवा आहे त्याला मी ऑक्टोबरच सांगेन. शिवाय तुमच्या मुलाची शाळा ऑक्टोबरात बुडेल, जूनमध्ये बुडणार नाही.

भरती-ओहोटीबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण कोकणात वाढलेला मनुष्य आधी तिथीच पाहतो, म्हणून सांगते. आखाताच्या या दक्षिण भागात भरती-ओहोटीचा फरक साधारण एक ते दीड मीटरच असतो. मुंबईच्या उधाणाशी त्याची तुलना नाही. आखाताच्या उत्तर टोकाला, सान फेलिपेच्या बाजूला, तोच फरक सहा-सात मीटरपर्यंत जातो, आणि तिथे भरतीच्या तक्त्याशिवाय काही करता येत नाही. लोस बारिलेसला चढती भरती सकाळच्या उन्हात येत असेल तर उत्तम, पण तेवढ्यासाठी सहलीची तारीख बदलू नये. पौर्णिमेला मासे खात नाहीत, हा दावा तुम्हाला तिथे पुष्कळदा ऐकू येईल. मी त्याकडे लक्ष देत नाही.

प्रकाशाकडे मात्र बारकाईने लक्ष द्यावे लागते. हा किनारा पूर्वाभिमुख आहे, त्यामुळे पहाटे सूर्य समोरून, समुद्रावरून डोळ्यांत येतो आणि पाण्याच्या आतले काहीच दिसत नाही. पहिले दोन तास दिसणाऱ्या माशांसाठी नसून पृष्ठभाग फोडणाऱ्या माशांसाठी आहेत: सिएरा, टोरो नावाचा जॅक, मचेते नावाचा रुपेरी, उड्या मारणारा मासा. तेव्हा आठ नंबरचा रॉड आणि लहान पांढरी फ्लाय घेऊन, पक्षी जिथे झडप घालत असतील तिथे टाकत राहावे. नऊनंतर सूर्य वर चढतो आणि पाण्यात नजर शिरू लागते. कर्कवृत्त लोस बारिलेसच्या थोडेच दक्षिणेकडून जाते, त्यामुळे जूनअखेरीला भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि पाण्यातले मासे त्याहून स्पष्ट कधीच दिसत नाहीत. अडचण अशी की तोपर्यंत खारे वारे सुरू झालेले असतात. नऊपासून वारा वाढेपर्यंतचे जे तीन-चार तास मिळतात, तेच खरे रूस्टरफिशचे तास. फेब्रुवारीत तुम्ही ट्राउटच्या सवयीने पहाटे आणि संध्याकाळी गेला असाल असा माझा अंदाज आहे.

इथल्या बऱ्याच पुळणी तीव्र उताराच्या आहेत. वाळूपासून चार पावलांवर पाणी डोक्याएवढे खोल होते आणि मासा त्या चरातून, काठाला समांतर चालतो. पाण्यात उतरून उभे राहणारा माणूस त्या चरातच उभा राहतो आणि मासे बाहेरून वळसा घालून जातात. म्हणून ओल्या वाळूच्या वरच्या कडेला थांबावे, शक्य तर थोड्या उंचवट्यावर, आणि पाण्याकडे सरळ न पाहता तिरके, चालण्याच्या दिशेने पुढे पाहावे. रूस्टरफिश पहिल्यांदा दिसतो तो मासा म्हणून दिसत नाही. तळावरून एक फिकट तपकिरी सावली सरकते, नजर हलली की नाहीशी होते, आणि मग अचानक दोन-तीन सावल्या एका ओळीत येतात. त्यांच्या वाटेवर, दोन-तीन मीटर पुढे फ्लाय पडली पाहिजे. डोक्यावर पडली तर सगळे उधळतात, मागे पडली तर त्यांना ती दिसतच नाही. फ्लाय पडली की रॉड काखेत धरून दोन्ही हातांनी, एकापाठोपाठ एक, दोर वेगाने ओढत राहायचे. मासा वळतो, मागे लागतो, पाठीवरचे काटे उभे राहतात, आणि याच क्षणी नवशिक्या माणसाचा हात थांबतो. फ्लाय थांबली की मासा तिच्याजवळ येऊन पाहतो आणि निघून जातो. पळणारी तारली मध्येच कधी उभी राहत नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते. अखेर फ्लाय वाळूला लागेपर्यंत ओढत राहावे. कित्येक मासे शेवटच्या दोन मीटरांत, तुमच्या पायांशी तोंड उघडतात.

आणि तोंड उघडल्यावर रॉड उचलायचा नाही. ट्राउटवाल्यांना ही एक सवय मोडायला सर्वांत जास्त त्रास होतो. ओढ्यात रॉड वर घेतला की लहान गळ मऊ ओठात बसतो. इथे जबडा कठीण आहे, गळ जाड आहे, आणि वाकणारा रॉड तो गळ आत रोवू शकत नाही. रॉडचे टोक माशाकडेच ठेवून डाव्या हाताने दोर लांब आणि जोराने खेचायचा. याचा दुसरा फायदा असा की मासा चुकला तरी फ्लाय पाण्यातच, त्याच्या नाकासमोर राहते आणि तो पुन्हा येऊ शकतो.

वाऱ्याची दिशाही आधीच लक्षात घ्या. उन्हाळ्यात दुपारचा वारा इथे बहुतेक दक्षिणेकडून येतो, म्हणजे समुद्राकडे तोंड करून उभे राहिल्यावर उजव्या हाताला. उजव्या हाताने फेकणाऱ्याच्या बाबतीत असा वारा दोर आणि गळ थेट त्याच्या कानावर आणून आदळतो. समुद्राकडे पाठ करून मागची फेक पाण्यावर सोडायची, हा सोपा मार्ग आहे. तो घरी, मैदानावर, फ्लायच्या जागी लोकरीचा तुकडा बांधून येईपर्यंत घोटून घ्या. लांब फेकीपेक्षा हीच फेक तुम्हाला जास्त उपयोगी पडेल, कारण चरातला मासा बहुतेक वेळा दहा-पंधरा मीटरांतच असतो.

तुमच्या मुलाला काय करता येईल याचे उत्तर इथेच येते, आणि ते केवळ त्याचे मन रमवण्यासाठी नाही. पुळणीवर दोघांनी मिळून काम करण्याची एक उत्तम पद्धत आहे: एकाने साध्या स्पिनिंग रॉडवर गळ काढून टाकलेला, पाणी उडवत येणारा मोठा लाकडी किंवा प्लास्टिकचा पॉपर दूर, चाळीस-पन्नास मीटरांवर फेकायचा आणि वेगाने काठाकडे आणायचा. त्याच्या खळबळीने मासे बाहेरून आत ओढले जातात, आणि ते फेकीच्या टप्प्यात आले की दुसऱ्याने फ्लाय टाकायची, पहिल्याने पॉपर झटकन उचलून घ्यायचा. हे जमण्यासाठी दोघांत बोलणे सतत चालू असावे लागते. तेरा वर्षांच्या मुलाची नजर तुमच्याहून तीक्ष्ण असण्याचा संभव आहे, आणि मासा मागे लागला की तो तुमच्याआधी ओरडेल.

बोटीचे दिवस सगळ्यांसाठी ठेवा. पांगा म्हणतात ती फायबरग्लासची, बाहेर इंजिन लावलेली उघडी होडी पहाटे सहाच्या सुमारास निघते आणि वारा वाढण्याच्या बेताने दुपारी परत येते. निघताना जिवंत तारली विकणाऱ्यांकडून टाकी भरून घेतात. तारली मिळाली नाही तर दिवस निम्मा झाला असे समजावे. इथे किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर समुद्र फार खोल होतो, त्यामुळे डोराडोसाठी तासन्‌तास दूर जावे लागत नाही. तरंगते शेवाळ, लाकडाचा ओंडका, एखादा तुटलेला तराफा दिसला की नाखवा इंजिन मंद करून मूठभर तारल्या फेकतो. डोराडो आले तर ते आल्याचे कोणी सांगावे लागत नाही. निळे-हिरवे अंग पिवळ्या शेपटीसह एकदम झळाळते, आणि तारलीच्या मधोमध पडलेली कोणतीही बऱ्यापैकी फ्लाय ते घेतात. पहिला मासा लागल्यावर त्याला लगेच बोटीत घेऊ नका. तो पाण्यात असेपर्यंत बाकीचे त्याच्याभोवती घुटमळतात, आणि तेवढ्यात तुमच्या पत्नीलाही, ज्यांनी आधी कधी फ्लाय टाकलेली नाही, बोटीच्या कडेवरून सहा-सात मीटरांवर फ्लाय टाकून मासा लागू शकतो. जूनअखेर डोराडोचा हंगाम नुकता सुरू होत असतो, म्हणून तो मिळेलच असे मी म्हणणार नाही.

रॉडबद्दल: नऊ नंबरचा एकच नेला तर काम भागेल, पण अडेल. मी असते तर दहा नंबरचा मुख्य आणि आठ नंबरचा पहाटेसाठी असे दोन नेले असते. दहा नंबर म्हणजे दिमाख नव्हे. ऊबदार पाण्यात विरघळलेला प्राणवायू कमी असतो, मासा लवकर दमतो, आणि हलक्या रॉडवर अर्धा तास खेळवलेला रूस्टरफिश सोडल्यावर जगेलच याची खात्री नसते. रिळाचा ब्रेक गुळगुळीत चालणारा असावा आणि मुख्य दोरामागे किमान दोनशे मीटर जोडदोर असावा. ट्राउटचा तरंगता दोर तिथल्या उन्हात नरम पडून बोटांना चिकटतो. उष्ण कटिबंधासाठी बनवलेला, हळू बुडणारा इंटरमीडिएट दोर घ्या, कारण तो लाटांच्या खळबळीखाली सरळ राहतो. कमरेला दोर गोळा करण्याची बास्केट बांधा, नाहीतर प्रत्येक लाट तुमचा दोर पायांत गुंडाळेल. टोकाला २० पौंडी फ्लोरोकार्बनचा (पाण्यात सहसा न दिसणारा) धागा पुरतो. सिएरा हा आपल्या सुरमईच्याच प्रजातीतला मासा आहे, त्याच्या दातांबद्दल मी वेगळे सांगायला नको. त्याच्यासाठी बोटभर बारीक तार लावा, मात्र रूस्टरफिशच्या वेळी ती काढून टाका. फ्लाय फार प्रकारच्या नकोत. पांढऱ्या-हिरव्या आणि पांढऱ्या-तपकिरी क्लाउझर मिनो, लेफ्टीज डिसीव्हर आणि बोयच्या आकाराच्या दोन-चार मोठ्या फ्लाय एवढ्या पुरतात. गळाचा उलटा काटा चिमट्याने दाबून टाका. रोज संध्याकाळी सगळे गोड्या पाण्याने धुवायचे, हे ट्राउटवाल्याला दोनदा सांगावे लागते.

सुरक्षिततेचे थोडक्यात: जिथे पुळण सपाट आहे तिथे पाण्यात पाय उचलून न टाकता घासत चाला, म्हणजे वाळूत दबलेले पाकट आधीच निघून जाते. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवल्याने वेदना उतरतात, आणि नंतर डॉक्टर गाठावा. वाळू दुपारी अनवाणी चालता येणार नाही इतकी तापते. चारचाकी मोटारसायकल घेऊन पुळणीवर फिरणारे पुष्कळ दिसतील. उन्हाळ्यात त्याच वाळूत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालू लागतात, तेव्हा चालतच फिरा.

नियमही माहीत हवेत. मेक्सिकोत जमिनीवरून गळाने मासे धरायला परवाना लागत नाही, बोटीतून मात्र प्रत्येकाला लागतो. रूस्टरफिश आणि डोराडो या जाती क्रीडा मासेमारीसाठी राखीव आहेत, आणि दर माणशी दिवसाला प्रत्येकी दोनच ठेवता येतात. डोराडो जरूर खा; रूस्टरफिश सोडून द्या, त्याच्या मांसात तसेही काही विशेष नाही. सोडताना हात ओले करून, पोटाखाली आधार देऊन, तोंड येणाऱ्या लाटेकडे करून त्याला धरा आणि तो स्वतः शेपूट मारील तेव्हाच हात काढा. लोस बारिलेसच्या दक्षिणेला काबो पुल्मो आहे, तिथे मात्र रॉड बाहेर काढूच नका. १९९५ साली ते राष्ट्रीय उद्यान झाले, तिथल्या पूर्वीच्या मासेमार कुटुंबांनीच मासेमारी थांबवली, आणि १९९९ ते २००९ या काळात तिथल्या माशांचे एकूण वजन ४६० टक्क्यांहून अधिक वाढल्याचे संशोधकांनी मोजले. एक दिवस तिथे मुलाला मुखवटा लावून पाण्यात उतरवा. मोठे मासे कसे फिरतात हे त्याला वरून कधीच कळणार नाही इतके खालून कळेल.

पुढे कधी पुन्हा हिवाळ्याचीच सुट्टी मिळाली, तर बाहाऐवजी दक्षिणेला ग्वेरेरो राज्यातल्या झिहुआतानेहोचा विचार करा. आखाताच्या बोळातला वारा तिथे पोहोचत नाही, नोव्हेंबरनंतर पाऊस थांबून नद्या निवळतात, आणि रूस्टरफिश व जॅक दोन्ही मिळतात. तिथेही फेब्रुवारी-मार्चमध्ये कधी कधी थंड हिरवे पाणी काठाला येतेच, म्हणून तिथे मी पुळणीपेक्षा पांग्यावर भिस्त ठेवते.

जूनसाठी आरक्षण करताना पहिले दोन दिवस बोटीचे ठेवा, कारण तारली आणि बोय सध्या कुठे आहेत हे नाखव्याला नक्की माहीत असते आणि ती माहिती पुढच्या पुळणीच्या दिवसांना उपयोगी पडते. बोट ठरवण्याआधी त्याला तीन गोष्टी विचारा: फ्लायवाले गिऱ्हाईक त्याच्याकडे नेहमी येते का, बोटीचा पुढचा भाग दोरीदोरखंडांपासून मोकळा ठेवता येईल का, आणि गळ नसलेला टीझर, म्हणजे माशांना जवळ आणणारे आमिष, ओढून तो योग्य वेळी काढून घेणारा मदतनीस सोबत असतो का. तिसऱ्या प्रश्नावर तो गोंधळला, तर दुसरा नाखवा पाहा.